‘ओळ दाखव’: दादरच्या एका साहित्यवर्गातले सहा महिने

गेल्या जुलैपासून डिसेंबरअखेरपर्यंत माझी मुलगी दर शनिवारी दुपारी दादर पश्चिमेला, रानडे रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या एका जुन्या इमारतीत भरणाऱ्या साहित्यवर्गाला जात होती. हा वर्ग नववी आणि दहावीच्या मुलांसाठी आहे, तो मराठीतून चालतो आणि त्यात परीक्षेची तयारी करून घेतली जात नाही. कविता, कथा किंवा नाटक वाचायचे, त्यावर एकमेकांशी बोलायचे आणि त्यातून एखादा प्रकल्प उभा करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. गणपतीतला एक आणि दिवाळीतले तीन शनिवार सोडून एकूण २२ बैठका झाल्या. प्रत्येक बैठक अडीच तासांची होती आणि सहा महिन्यांचे शुल्क साडेनऊ हजार रुपये होते. वर्ग एक ताई आणि एक सर मिळून चालवतात. दोघांनीही पूर्वी शाळेत मराठी शिकवले आहे.

आमच्या ओळखीतल्या अनेक पालकांनी मला विचारले, की परीक्षेत एकही गुण न वाढवणाऱ्या वर्गासाठी मुलीचा शनिवार आणि एवढे पैसे का द्यावेत. त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे. पैसे वाया गेले नाहीत, हे माझे मत आधीच सांगते. मात्र वर्गातली चर्चा जितकी उत्तम आहे तितके सगळे प्रकल्प उत्तम नाहीत, आणि हा फरक का पडतो हे मला सहा महिन्यांत हळूहळू उमगत गेले.

माझी मुलगी परळच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत नववीत आहे. तिला कुमारभारती हे पाठ्यपुस्तक आहे, दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी आता कृतिपत्रिका आहे. कृतिपत्रिकेमुळे धड्याखालची प्रश्नोत्तरे जशीच्या तशी पाठ करण्याची सवय काही प्रमाणात मोडली, हे मी मान्य करते. तिच्यात स्वमत विचारले जाते, कवितेचे रसग्रहण विचारले जाते. परंतु स्वमतसुद्धा तयार मिळते, ही खरी अडचण आहे. माझ्या मुलीच्या वहीत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मथळ्यांखाली वेगवेगळ्या चार कवितांवर लिहिलेली वाक्ये मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा कवीचे नाव बदलले तर ती कोणत्याही कवितेला लागू पडतील, असे दिसले. ‘कवीने साध्या, सोप्या पण प्रभावी शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत’ हे वाक्य चारही ठिकाणी होते. यात तिची चूक नव्हती आणि साठ मुलांच्या वह्या तपासणाऱ्या तिच्या बाईंचीही नव्हती. पण कविता वाचूनही ती तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही, हे त्या वहीतून स्पष्ट दिसत होते, आणि म्हणूनच आम्ही या वर्गाची चौकशी केली.

पहिल्या बैठकीला पालकांना मागे बसू दिले होते. खोलीत सतरंजी अंथरलेली होती आणि चौदा मुले गोल करून बसली होती. ताई त्याच गोलात, दोन मुलांच्या मध्ये बसल्या होत्या. प्रत्येकाने घरून दोन प्रश्न लिहून आणायचे, एक असा की ज्याचे उत्तर मजकुरात सापडते आणि दुसरा असा की ज्याचे उत्तर मजकुरात थेट नाही, पण शोधायला मजकूरच लागेल, हा या वर्गाचा पहिला नियम आहे. दुसरा नियम असा, की बोलणाऱ्याला कोणीही, अगदी सर्वांत लहान मुलानेही, ‘ओळ दाखव’ असे म्हणावे, आणि तसे म्हटले गेले की बोलणाऱ्याने पुस्तक उघडून आपले म्हणणे ज्या ओळीवर उभे आहे ती ओळ मोठ्याने वाचावी. ओळ सापडली नाही तर मत मागे घ्यावे लागत नाही, पण ते ‘अजून आधार नाही’ या रकान्यात फळ्यावर लिहिले जाते. हा रकाना मला फार आवडला. त्यामुळे चुकीचे बोलल्याची लाज उरत नाही आणि तरीही प्रत्येक मताला सारखेच वजन मिळते असा गैरसमजही होत नाही.

ताई प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प राहतात. पहिल्या दिवशी त्या शांततेने मलाच अवघडल्यासारखे झाले होते आणि एका वडिलांनी तर मागून उत्तर सांगून टाकले. नंतर पालकसभेत ताईंनी याचे कारण सांगितले. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शेकडो वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून असे दाखवले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तर मुलांची उत्तरे लांबतात, ती कारणासह बोलू लागतात आणि एरवी न बोलणारी मुलेही पुढे येतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण घरी मुलीशी बोलताना मी ते पाळून पाहिले आणि मला ते अतिशय कठीण गेले.

गोल करून बसण्यामागेही एक परंपरा आहे. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झिटर अकादमी या शाळेला १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस या दात्याने मोठी देणगी दिली आणि तेव्हापासून तिथे एका लंबवर्तुळाकार टेबलाभोवती बारा-तेरा मुले आणि शिक्षक एकत्र बसून चर्चेतून शिकतात. त्या पद्धतीतली एक गोष्ट या वर्गाने उचलली आहे. प्रत्येक बैठकीत एक मूल चर्चेत भाग घेत नाही, ते कागदावर मुलांच्या जागा काढते आणि कोण कोणाला उद्देशून बोलले त्याच्या रेषा ओढत जाते. जुलैमधले नकाशे पाहिले तर सगळ्या रेषा ताईंकडे जातात. सप्टेंबरमधल्या नकाशांत त्या मुलांमुलांमध्येच आडव्यातिडव्या पसरलेल्या दिसतात आणि ताईंकडे मोजक्या चार-पाच उरतात. वर्गाची प्रगती दाखवणारा याहून प्रामाणिक कागद मी कोणत्याही शिकवणीत पाहिलेला नाही. आपल्याकडे दिंडीतल्या फडावर किंवा हरिपाठाच्या मंडळात एका ओवीवर तास तास बोलणारी माणसे होती आणि आहेत, त्यामुळे ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, असे सरांनी त्याच सभेत सांगितले आणि ते मला पटले.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी लिहिते, कारण या वर्गाची कसोटी तिथेच आहे.

ऑगस्टमध्ये नारायण सुर्वे यांच्या कविता वाचायला घेतल्या. रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणून वाढवले, तो मुलगा गिरणीत राबला, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक झाला, आणि त्याने या शहरालाच आपले विद्यापीठ म्हटले, एवढी माहिती मुलांना पाठ्यपुस्तकांतून थोडीफार होती. वर्गात त्यांची कार्ल मार्क्सवरची कविता निवडली होती, ज्यात आपल्या पहिल्याच संपात मार्क्स भेटल्याचे कवी सांगतो. ‘संप’ म्हणजे काय, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी बसगाड्या बंद असणे आणि शाळेला सुट्टी असणे, असे उत्तर दिले. हे ऐकून मी हळहळले, कारण ही मुले लालबाग, परळ, भायखळा आणि शिवडीहून आलेली होती.

म्हणून पहिला प्रकल्प गिरणगावावर ठरला. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या किंवा चाळीतल्या एखाद्या जुन्या गिरणी कामगाराशी बोलायचे आणि त्यांच्या तोंडचे कामाचे शब्द जसेच्या तसे लिहून आणायचे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांपैकी ते एक. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही आणि त्यांची गिरणीही त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आमच्या घरात या विषयावर फारसे बोलले जात नसे. त्या रविवारी नातीने समोर वही ठेवून विचारले आणि ते तीन तास बोलले. साचा, भोंगा, पाळी, बदली, जॉबर, खानावळीचा डबा, गाळ्यात आळीपाळीने झोपणारी माणसे, हे सगळे शब्द तिने लिहून घेतले. ‘बदली’ म्हणजे रोज सकाळी दारावर उभे राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहणारा माणूस, हे मलाही त्या दिवशी नीट समजले. मी चाळीस वर्षे त्यांची मुलगी आहे.

पुढच्या शनिवारी वर्गात जे घडले ते मुलीने घरी येऊन सांगितले, आणि मी ते नंतर ताईंकडून पडताळून घेतले. सगळी मुले आजोबांच्या आठवणींनी भारलेली होती. कवितेतला संप म्हणजे १९८२ चाच संप, असे सगळ्यांनी गृहीत धरले आणि त्या संपाचे सगळे दुःख कवितेत वाचायला सुरुवात केली. कोणीतरी ‘ओळ दाखव’ म्हटले. ओळ सापडेना. मग शिवडीच्या एका मुलीने कवीचे जन्मवर्ष १९२६ आहे याकडे लक्ष वेधले आणि म्हणाली, की १९८२ मध्ये ते छप्पन्न वर्षांचे असणार, मग तो त्यांचा पहिला संप कसा असेल? खोली एकदम शांत झाली. त्यानंतरचा तासभर मुलांनी कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली आणि त्यांच्या लक्षात आले, की कवितेतला आवाज हरलेल्या माणसाचा नाही. त्यात मिरवणुकीचा, नव्याने काहीतरी कळल्याचा उत्साह आहे, थट्टाही आहे. आजोबांचे दुःख खरे होते, पण ते या कवितेत नव्हते. दोन्ही गोष्टींना आपापल्या जागी ठेवायला ही चौदा-पंधरा वर्षांची मुले त्या दुपारी शिकली. प्रकल्पाने त्यांना आधी कवितेपासून दूर नेले होते आणि नियमाने परत आणले. ते दूर जाणे व्यर्थ नव्हते, कारण आजोबांशी बोलल्याशिवाय त्यांना ‘संप’ या शब्दाचे वजनच समजले नसते.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकासाठी दिले होते. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडते, लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते आणि खेळता खेळता तिचे खासगी आयुष्य उघडे पाडते. अविवाहित स्त्रीचे गरोदरपण हा विषय नववीच्या मुलांसमोर यावा का, याबद्दल काही पालकांना शंका होती. वर्गाने हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला, तिचे मी मोकळ्या मनाने कौतुक करते. नाटक सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी सर्व पालकांना ते वाचायला सांगितले गेले, एक स्वतंत्र सभा घेतली गेली आणि ज्यांना ते नको होते अशा एका कुटुंबाच्या मुलाला त्याच काळात वेगळी कथा वाचायला देऊन, त्यावर सरांनी त्याच्याशी स्वतंत्र चर्चा केली. कोणाचीही कुचंबणा झाली नाही.

या नाटकाच्या चर्चेतले दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. सहा आठवडे जवळजवळ न बोललेल्या एका मुलाने एके दिवशी हळूच विचारले, की प्रोफेसर दामले कुठे आहेत. नाटकात ज्या माणसामुळे बेणारेवर ही वेळ आली तो दामले रंगमंचावर कधी येतच नाही. मुलांनी तोपर्यंत खटला चालवणाऱ्या मंडळीतल्या सुखात्मे, काशीकर, पोंक्षे यांना दोषी धरण्यात दोन बैठका घालवल्या होत्या, आणि ज्याला कोणी एकही प्रश्न विचारला नाही त्याच्याकडे या मुलाचे लक्ष गेले. त्या दिवसाच्या नकाशावर त्या मुलाभोवती अकरा रेषा आहेत.

दुसरा प्रसंग प्रकल्पाचा. ठरलेला प्रकल्प असा होता, की मुलांनी या नाटकातल्या पात्रांवर वर्गात अभिरूप खटला चालवायचा. वकील, न्यायाधीश, साक्षीदार अशी कामे वाटूनही झाली होती. तेव्हा माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने हरकत घेतली. खेळातला खटला माणसाचे काय करतो हेच तर हे नाटक दाखवते, मग आपणही तोच खेळ पुन्हा खेळलो तर आपण नाटक वाचलेच नाही असे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ताईंनी दोघींना ‘ओळ दाखव’ म्हटले. त्यांनी दाखवली. त्यानंतर ताईंनी दोन आठवड्यांची आखणी तिथल्या तिथे बदलली. खटल्याऐवजी मुलांनी रंगमंचाचे मोठे रेखाटन केले आणि प्रत्येक अंकात कोणती खुर्ची कुठे आहे, बेणारेला बाहेर जाण्याचे दार कधी बंद होते, कोण तिच्या वाटेत उभा आहे, हे मजकुरातल्या रंगसूचनांवरून एकेक करून मांडले. शेवटी तिला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात आणि त्यानंतरचे तिचे प्रदीर्घ स्वगत बाकीची सगळी पात्रे थिजलेली असताना येते. ते ती खरोखर मोठ्याने बोलते की केवळ तिच्या मनात चाललेले असते, या प्रश्नावर मुलांचे दोन तट पडले आणि ते वर्ष संपेपर्यंत मिटले नाहीत. ताईंनीही ते मिटवले नाहीत. स्वतः महिनाभर खपून केलेली आखणी दोन मुलींच्या वाचनापुढे बाजूला ठेवणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात आपली मुलगी बसते, याचा मला अभिमान वाटला.

यानंतरचा भाग लिहिताना मला वाईट वाटते, पण तो लिहिला नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील.

दिवाळीनंतर बहिणाबाई चौधरी यांच्या कविता घेतल्या आणि त्याच वेळी डिसेंबरअखेरच्या प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. हे प्रदर्शन पालकांसाठी आणि पुढच्या तुकडीच्या जाहिरातीसाठी असते. पहिल्या दोन बैठका वाचनाच्या झाल्या आणि उरलेल्या चार तयारीत गेल्या. थर्माकोलचे जाते झाले, पुठ्ठ्याची विहीर झाली, चुलीत लाल जिलेटीन कागदाखाली दिवा लावला गेला, नऊवारी नेसलेल्या मुलींची ध्वनिचित्रफीत तयार झाली. सगळे देखणे होते, पाहुण्यांनी भरभरून कौतुक केले. मी माझ्या मुलीच्या गटाला एका कवितेतल्या तीन खानदेशी शब्दांचे अर्थ विचारले, तर कोणालाच सांगता आले नाहीत. त्या गटात अशा मुली होत्या ज्यांनी ऑगस्टमध्ये ‘बदली’ या एका शब्दासाठी तीन घरांची दारे ठोठावली होती.

खरे तर बहिणाबाईंच्या कवितेत या वर्गाच्या पद्धतीला साजेसा फार मोठा प्रश्न दडलेला होता. जळगावजवळच्या असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. कामे करता करता त्या ओव्या रचत, म्हणत, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातली माणसे त्या उतरवून ठेवत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. म्हणून जी ओळ आज आपण छापलेली वाचतो, ती आधी कोणाच्या तरी कानावर पडली आणि मग कोणाच्या तरी हाताने कागदावर आली. ‘ओळ दाखव’ म्हणणाऱ्या मुलांनी इथे ‘ही ओळ कोणी लिहिली’ असे विचारायला हवे होते. एका मुलाने घरी आजीकडून जात्यावरची एखादी ओवी ऐकून ती लिहून पाहिली असती, दुसऱ्याने तीच ओवी स्वतंत्रपणे लिहिली असती आणि दोघांचे कागद शेजारी ठेवले असते, तरी बोलीचा उच्चार लिपीत उतरताना काय हरवते आणि काय बदलते, हे त्यांना हाताने कळले असते. त्यासाठी थर्माकोलचा एक तुकडाही लागला नसता.

गिरणगावाच्या प्रकल्पात आणि या प्रकल्पात मुले तीच होती, शिक्षक तेच होते आणि मेहनतही तेवढीच होती. पहिल्या प्रकल्पात जे हाती लागले ते घेऊन मुलांना कवितेकडे परत यावे लागले. दुसऱ्यात कवितेकडे परतण्याची गरजच उरली नाही, कारण शेवटी दाखवायची वस्तू तयार झाली की काम संपले. शाळांमध्ये अंतर्गत मूल्यमापनासाठी जे प्रकल्प होतात, त्यांचेही बहुतेक वेळा असेच होते. रंगीत कागद, पहिल्या पानावर कवीचे चित्र, आत महाजालावरून उतरवलेला परिचय, आणि कविता कुठेच नाही. शाळेला वेळ नसतो, संख्या मोठी असते, हे समजून घेता येते. पण वाचनासाठीच काढलेल्या वर्गाने त्या वाटेला जाऊ नये.

लेखनाची बाजूही कमकुवत आहे. सहा महिन्यांत फक्त तीन निबंध लिहून घेतले गेले. पहिला निबंध पाच आठवड्यांनी परत आला आणि त्यावर ‘छान, अजून विस्तार हवा’ एवढाच शेरा होता. चर्चेत इतके नेमके बोलणारी मुले कागदावर पुन्हा साध्या, सोप्या, प्रभावी शब्दांकडे वळतात, हे मी माझ्या मुलीच्या निबंधात पाहिले. बोललेले विचार लिहिताना कसे टिकवायचे, हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते, आणि ते या वर्गात झाले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर मुलांची संख्या चौदावरून एकोणीस झाली. एकोणीस मुलांच्या गोलात पाच-सहा मुले सहज लपून राहतात आणि नोव्हेंबरच्या नकाशांत तसे स्पष्ट दिसते. मजकूर छायाप्रतींवर दिला जातो, तो अनेकदा फिकट असतो, आणि जे कविता-नाटक विकत मिळते ते मुलांना विकत घ्यायला सांगावे, असे मला वाटते. दादरमध्ये पुस्तकांची दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ मध्ये स्थापन झालेली संस्था याच परिसरात आहे. एखादी बैठक तिथे नेऊन मुलांना जुन्या आवृत्त्या हातात घेऊ द्यायला काय हरकत आहे? खोलीत पंखे पुरेसे आहेत, पाण्याची सोय आहे, मात्र शनिवारी संध्याकाळी सुटणाऱ्या मुलांना दादर स्थानकाच्या गर्दीतून जावे लागते, त्यामुळे लांब राहणाऱ्या पालकांनी चार-पाच मुलांचा गट करून एका मोठ्या माणसाने न्यावे-आणावे. दहावीच्या मुलांना नोव्हेंबरपासून पूर्वपरीक्षेचे वेध लागतात आणि त्यांच्यापैकी तिघे शेवटी येईनासे झाले. माझ्या मते नववीचे वर्ष या वर्गासाठी योग्य आहे. ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत त्यांनी संकोच करू नये. अशी चार मुले या तुकडीत होती, सुरुवातीला ती अडखळत वाचत होती, आणि प्रत्येक बैठकीची पहिली वीस मिनिटे प्रकट वाचनाला दिल्यामुळे ऑक्टोबरपर्यंत त्यांची भीती गेली होती.

मुलीच्या शाळेच्या वहीबद्दल मला विचारले जाते, म्हणून तेही लिहिते. सहामाहीत तिला मराठीत पूर्वीपेक्षा दोन गुण कमी मिळाले, कारण रसग्रहणात तिने ठरलेल्या मुद्द्यांपैकी एक सोडून दिला आणि कवितेतल्या एकाच शब्दावर पाऊण पान लिहिले. मी ते पाऊण पान दोनदा वाचले. त्यातले एकही वाक्य दुसऱ्या कवितेला लागू पडत नाही. ठरलेले मुद्देही लिहायचे असतात, हे आम्ही तिला समजावले आहे आणि तिने ते ऐकले आहे.

पुढच्या तुकडीची नोंदणी मे महिन्यात सुरू होते. मी ताई आणि सर या दोघांना डिसेंबरच्या शेवटी पत्र लिहून तीन विनंत्या केल्या. तुकडी पंधराच्या वर नेऊ नये, दर महिन्याला एक निबंध पंधरा दिवसांच्या आत सविस्तर शेऱ्यांसह परत द्यावा, आणि वर्षाअखेरीस प्रदर्शनाऐवजी पालकांना गोलाच्या मागे बसवून मुलांची एक खरीखुरी चर्चा ऐकू द्यावी. पहिली विनंती त्यांनी लगेच मान्य केली. निबंधांसाठी एका निवृत्त शिक्षिकेची मदत घेण्याचा प्रयत्न चालू असल्याचे कळवले. प्रदर्शनाबाबत मात्र अजून निर्णय झालेला नाही, कारण नव्या पालकांना दाखवण्यासाठी काहीतरी दिसणारे लागते, असे सरांचे म्हणणे आहे. माझ्या धाकट्या मुलाचे नाव मी दोन वर्षांनी घालणार आहे, आणि तेव्हा नोंदणीच्या आधी हाच प्रश्न पुन्हा विचारणार आहे.